फाटणारं कापड

कापडाचा गठ्ठा धक्क्यावर पडला आणि मी त्यात दोन बोटं घातली. नीट ओढलंसुद्धा नव्हतं, तोच चर्र झालं.

"सायबांनू," मी म्हटलं, "ह्या कापडात मेलेल्या मांजराक गुंडाळूक येवचां नाय. ह्यात तुमी जित्ते शिनाणे बांधतलास?"

कारंडे साहेब अजून होडीतून उतरतच होते. अंगात ते नारिंगी जाकीट, बुडू नये म्हणून घालतात ते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आमच्या धक्क्यापाशी गुडघाभर पाणी असतं, त्यातही ते जाकिटाचे पट्टे आवळून यायचे. घाटावरचा माणूस. पोहता येत नाही, मासे खायला शिकून वर्ष झालेलं, आणि सरकारनं पाठवला कुणाला, तर आम्हा गाबितांना समुद्रातलं काही शिकवायला.

"फाटलं का?" त्यांनी विचारलं आणि चक्क हसले. "मग बरोबर आहे, मावशी. हे टिकण्यासाठी नाहीच."

मी मागं वळून बायांकडे बघितलं. सुभद्रा मेथर पदर तोंडाला लावून हसत होती. माझी सून वैजयंती मात्र हसली नाही. ती कापडाकडे बघत होती.

इतका उघडा चोर मी जन्मात बघितला नव्हता.

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आमचं भाटजुवं म्हणजे खाडीच्या मधोमध असलेलं बेट. साठ-सत्तर घरं, माड, आणि चारी बाजूंनी पाणी. पुरुषमाणसं बोटींवर, आम्ही बाया खडपांवरून कालवं, शिनाणे काढायच्या. शिनाणे म्हणजे खडकाला घट्ट धरून बसतात ते हिरवट-काळे लांबट शिंपले. पण ते कमी होत चालले होते. जिथं पोतं भरायचं तिथं टोपली भरेना.

अशात कारंडे आले आणि शाळेत मीटिंग घेतली. म्हणाले, युरोपातली काही सरकारं आणि आपलं सरकार मिळून पैसा देणार आहेत. समुद्र ओरबाडायचा नाही, त्याला वेळ द्यायचा, आणि शिनाणे आपण वाढवायचे. पाण्यावर बांबूचा तराफा बांधायचा, त्याला दोर सोडायचे, दोराभोवती शिनाण्यांची पिल्लं कापडात गुंडाळून शिवायची. मोबाईलवर फोटो दाखवला. तिकडच्या बाया गमबूट घालून तराफ्यावर बसल्यात, हातात पांढऱ्या पट्ट्या, हाड मोडल्यावर बांधतात तशा.

"ह्यांका पण सरकारच पैशे देता?" मी विचारलं.

"हो मावशी. त्यांच्याकडेही मासळी संपत आली होती."

"आणि मधल्या मधी कोणी खातत नाय?"

सगळी शाळा हसली. कारंड्यांनी मोबाईल खिशात ठेवला.

ठरलं असं, की भाटजुव्याला एक तराफा आणि वीस दोर द्यायचे. चाळीस दिवसांनी तपासणी होणार. पिल्लं जगली तर पुढं दहा तराफे, आणि बाप्यांनाही काम. मेली तर सगळी योजना पल्याडच्या गावाला. वैजू बारावी झालेली, म्हणून बचतगटाची अध्यक्ष तीच. कागदावर सही तिची. माझा मुलगा जयवंत वर्षातले आठ महिने गोव्याच्या ट्रॉलरवर असायचा. दहा तराफे झाले तर तो घरी येणार होता. हे ती मला कधी बोलली नाही, पण मीटिंगहून आल्यावर रात्रीच्या भाकऱ्या तिनं दोन जास्त थापल्या होत्या.

मी दुसरीपर्यंत शिकले. पण सरकारी माल हातात घेतला की कळतो मला. कसा कळतो ते सांगते.

जयवंताचे वडील जाळी विणायचे. बंदरावर कुणी नवीन जाळं आणलं तर आधी ह्यांच्याकडे आणून दाखवायचं, गाठ बघायला. एका वर्षी योजनेतून फुकट जाळी आली. हे नको म्हणत होते, पण सोसायटीवाल्यांनी गळ घातली, की तांडेल, तुम्ही घेतलीत तर बाकीचे घेतील. घेतली. पहिल्याच खेपेला बांगड्याचा थवा लागला. वर ओढताना जाळं मधोमध उसवलं आणि सगळा बांगडा डोळ्यांसमोर पाण्यात परत गेला. धक्क्यावर लोक म्हणाले, तांडेलांचं जाळं फाटलं! ते जाळं ह्यांनी विणलेलं नव्हतंच. पण ह्यांनी कुणाला तसं सांगितलं नाही. त्यानंतर घरी बसून एकच जाळं विणलं, नायलॉनचं, कोळंबीचं, करंगळीचं नख जाईल इतक्या बारीक आशीचं, म्हणजे भोकांचं. दीड वर्ष विणत होते. ते पाण्यात पडायच्या आधी हे गेले. जाळं माळ्यावर राहिलं.

म्हणून ते कापड चर्र झालं तेव्हा माझ्या कानात निव्वळ कापड फाटलं नाही.

दोर बांधायचा दिवस ठरला तो मोठ्या सुकतीचा. पहाटे आम्ही खडपांवर जाऊन पिल्लं काढली, ओल्या पोत्याखाली झाकून आणली. ती सुकायच्या आत, त्याच दिवशी पाण्यात गेली पाहिजेत. कारंड्यांनी माझ्या अंगणात बसून एक दोर स्वतः करून दाखवला. कापड पसरलं, मधोमध दोर ठेवला, पिल्लं पेरली, कापड दुमडलं आणि सुई चालवायला लागले. टाके तर असे, की दुसरीतल्या पोरीनं घातले असते तर बाईंनी पट्टी मारली असती.

"सैल घाला टाके, मावशी," मला म्हणाले. "इतके घट्ट नकोत."

मला! तांडेलांच्या घरात तीस वर्षं जाळी सांधली मी, आणि हा मला टाके शिकवतो.

"तुमी कधी जाळां सांधलास, सायबांनू?"

"नाही. पण हे जाळं नाही, मावशी. हे..."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पल्याडच्या गावातही पिल्लं काढून झाली होती आणि तिकडच्या बाया खोळंबल्या होत्या. त्यांनी घाईनं आपला दोर तराफ्याच्या कोपऱ्याला नेऊन बांधला, परत येऊन उरलेलं कापड वैजूच्या हातात दिलं, म्हणाले, "एकोणीस राहिलेत. दुपारपर्यंत होतील ना?" आणि जाकीट सावरत होडीत बसले.

होडी वळणाआड गेली आणि मी उठले. माळ्यावरून जाळं खाली काढलं.

सुभद्रा म्हणाली, "गो शेवंती, ह्यां तर..."

"तांच," मी म्हटलं. "कातर आण."

"आये," वैजू पुढं आली. "तां मामंजींनी विणलेलां."

"म्हणानच."

"पण साहेब म्हणाले, कापड टिकूक नको. कायतरी कारण असतला."

"कारण आसा. बरां कापड सरकारच्या कागदार, आणि ह्यां सडका आमच्या अंगणात. मधला अंतर खंय गेला तां तेका इचार."

"फोन करून इचारू?"

"चोराक इचारूक गो? तू सही करणारी. उद्या पिल्लां तळाक गेली तर तपासणीत नाव तुझां येतलां, तेचां नाय. मी तुझ्याच साठी करतंय ह्यां."

मग तिनं पदर खोचला आणि सुई हातात घेतली. दुसरं काही बोलायला मी तिला जागाच ठेवली नव्हती.

कातर चालवताना माझा हात एकदा थांबला, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, माळ्यावर उंदरांनी खाण्यापेक्षा कामाला येऊ दे. पिल्लं आधी ह्यांच्या जाळ्यात घट्ट बांधली, दुहेरी घडी घालून, माझ्या टाक्यांनी. वरून कारंड्यांचं कापड गुंडाळलं, बघणाऱ्याला संशय नको. असे एकोणीस दोर. सुभद्रा म्हणाली, "आता व्हेल मासो इलो तरी सुटाचे नाय." सगळ्या हसलो. दुपारी दोर पाण्यात सोडले.

पहिल्या आठवड्यात कारंडे एकदा येऊन गेले. भर भरतीची वेळ, पाणी गढूळ. होडीत बसूनच तराफ्याला एक फेरी मारली आणि म्हणाले, "चाळीस दिवस कुणी हात लावू नका." नंतर फिरकले नाहीत. आता काय फिरकायचं! आपलं काम झालं की सरकारी माणूस गावाकडे पाठ करतो. त्यांच्याकडे पाच गावं आहेत, असं वैजू म्हणाली. मी म्हटलं, पाच गावांत पाच गठ्ठे.

पंधरा दिवस झाले तशी मला राहवेना. सुभद्रेला घेऊन होडीनं तराफ्यावर गेले आणि आमच्यातल्या एका दोराचं वरचं टोक उचलून बघितलं. कारंड्यांच्या कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या. हात लावला तर चिंधीही हातात आली. आतलं जाळं मात्र जसंच्या तसं. एक गाठ सुटली नव्हती. बाहेरून दाबून बघितलं तर आत टणक लागलं.

"बघितलंस?" मी म्हटलं. "पंधरा दिस नाय टिकला. माझां जाळां नसतां तर आज आपण रिकामे दोर बघीत बसलो असतो."

"आणि तेचो तो कोपऱ्यातलो?"

"तेका हात लावू नको."

तो दोर मला सगळ्यांसमोर उचलायचा होता. तपासणीला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते, आणि ज्यांचा पैसा त्या युरोपातल्या एक मॅडम. त्यांच्यासमोर तो रिकामा दोर पाण्याबाहेर काढायचा आणि एकच वाक्य बोलायचं: हा माणूस खोटं बोलतो. तेवढ्या वाक्यासाठी मी पंचवीस दिवस जीव धरून बसले. भांडी घासताना ते घोळवायचे, मासे कापताना घोळवायचे. सोसायटीवाल्यांसमोर ह्यांच्या तोंडून जे निघालं नव्हतं ते मी बोलणार होते.

तपासणीला सकाळची सुकती धरली होती. मोठे साहेब इस्त्रीच्या कपड्यात होडीच्या मधोमध बसलेले, कडेला शिंतोडे उडतात म्हणून. मॅडमचं नाव इनेश. केस पांढरे, पायात गमबूट. ती तराफ्यावर अशी उतरली की बांबू हललासुद्धा नाही. तिचे हात मी बघितले. खडपावर कामं केलेले हात होते ते, नखांच्या कडा आमच्यासारख्याच झिजलेल्या. कारंडे तिच्याशी इंग्रजीत बोलत होते, चेहरा ओढलेला, जाकीट नेहमीसारखं आवळलेलं.

"खंयचो दोर उचलूया?" सुभद्रेनं विचारलं.

"आधी तो कोपऱ्यातलो," मी मोठ्यानं म्हटलं. "सायबांनी स्वताच्या हातान बांधलेलो. तोच बघूया पयलो."

कारंडे माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, मी मान देते आहे.

सुभद्रेनं आणि मी दोर धरला आणि झटक्यात ओढला. रिकामा दोर जसा ओढतात तसा. माझ्या खांद्यातून कळ गेली. दोर हललाच नाही.

"अडाकलो खंयतरी," मी म्हटलं.

"अडाकलो नाय गो," सुभद्रा हळूच म्हणाली. "जड आसा."

आणखी दोघी आल्या तेव्हा तो वर आला. कापडाचा धागासुद्धा शिल्लक नव्हता त्यावर. आणि दोर दिसत नव्हता. नुसते शिनाणे! हिरवे-काळे, ओले, चकचकीत, एकमेकांवर गच्च, अंगठ्याएवढे झालेले. मी एक उपटायला गेले तर निघेना. त्यानं स्वतःच्या अंगातून काढलेल्या बारीक तंतूंनी दोर धरून ठेवला होता. खडपाला धरतात तसाच. जन्मभर ते तंतू मी कोयतीनं कापत आले.

मॅडम काहीतरी आनंदानं बोलली. मोठे साहेब म्हणाले, "छान. आता दुसरा."

दुसरा मी एकटीनं उचलला. हलका होता. वर यायच्या आधी वास आला. ह्यांचं जाळं गच्च, तसंच, एक गाठ सुटलेली नाही. वैजूनं कातर घेऊन उभं कापलं तर आत चिखल, आणि त्या चिखलात पिल्लं, होती तेवढीच, तोंडं उघडून मेलेली. तिसरा दोर तसाच. चौथाही.

कारंड्यांनी जाळ्याचा तुकडा हातात घेतला, बोटांनी चाचपला. मग माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघत होते.

"कारंडे, हे काय?" मोठे साहेब म्हणाले. "तुमच्या अहवालात सुती कापड आहे. हे नायलॉन कुणी वापरायला सांगितलं?"

वैजूनं हातातली कातर मिटली. सही तिची होती.

"मीच सांगितलं, सर," कारंडे म्हणाले. "दोन्ही प्रकार करून बघू म्हटलं. तुलनेसाठी."

"एकोणीस दोरांवर? परवानगी घेतलीत?"

"नाही सर."

"तुमचं कंत्राट मार्चपर्यंतच ना? बघतो मी."

कारंडे खाली बघून मान हलवत राहिले. ते नारिंगी जाकीट त्यांच्या अंगावर एकदम मोठं दिसायला लागलं.

पंचवीस दिवस घोळवलेलं वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं.

"सायबांनू," मी म्हटलं, "हो माणूस खोटां बोलता."

सगळे वळले.

"तेणी कायएक सांगूक नाय. तेणी कापडच दिल्यान. तां फाटता म्हणान मी तेका चोर ठरवलंय आणि तेची पाठ वळल्यार घरातलां जाळां कापून आत घातलंय. ह्या बायांका मी सांगितलंय. माझी सून नको म्हणा होती, तिचां तोंड मी बंद केलंय. मारलेले शिनाणे माझे. काय लिवूचां तां माझ्या नावार लिवा. शेवंती तांडेल. आंगठो नको, सही येता माका."

"मावशी, गप्प बसा," कारंडे दबक्या आवाजात म्हणाले. मॅडम त्यांना काहीतरी विचारत होती. त्यांनी चार शब्दांत उत्तर दिलं.

माझं इतकं लांब भाषण चार शब्दांत संपवलं! माझा संशय अजून मेला नव्हता.

"वैजू, काय सांगितल्यान तिका?"

"म्हणाले, मावशी जरा नाराज आहेत."

"तू सांग तर. मी बोललंय तां सगळां."

"आये, माझां इंग्लिश..."

"बारावी झालंस मां? सांग."

वैजूनं कातर खाली ठेवली. पहिले दोन-तीन शब्द अडखळली, मग बोलत गेली. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी तिचं तोंड बघत होते. सात वर्षं ती माझ्या घरात होती आणि तिला इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

ती थांबल्यावर मी विचारलं, "जाळां कोणाचां तां सांगितलंस?"

"सांगितलंय."

मॅडमनं कारंड्यांच्या हातातून तो तुकडा घेतला, चिखल पाण्यात धुतला आणि एकेक गाठ बोटांखालून नेली. मग काहीतरी म्हणाली आणि हसली.

"काय म्हणता?"

"म्हणता, गाठ सुंदर आसा," वैजू म्हणाली. "आणि म्हणता, तिच्या गावात पण पयल्या वर्षी म्हाताऱ्यांनी असांच केलेलां."

"म्हातारी कोणाक म्हणता ती?"

मोठे साहेबसुद्धा हसले, तिथंच मला जरा श्वास आला.

परतताना होडीत मी कारंड्यांसमोर बसले. म्हटलं, "पिल्लां स्वता दोर धरतत, तोपर्यंत कापड होया, मगे सुटाक होया. ह्यां त्या दिशी सांगूक काय झालां होतां तुमका?"

"सांगत होतो, मावशी," ते म्हणाले. "तुम्ही कापड फाडत होता."

दहा तराफे मिळाले नाहीत. तीन मिळाले, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तपासणी. कारंडे मार्चनंतरही राहिले. मॅडमनं काय लिहिलं ते मला माहीत नाही, वैजूला माहीत आहे. जयवंत दुसऱ्या वर्षी गोव्याहून आला तो परत गेला नाही. ह्यांच्या जाळ्याचा तो धुतलेला तुकडा मॅडमनं मागून घेतला. मी दिला. बाकीचं मी चुलीत घातलं नाही, वालाच्या वेलाला मांडव केलाय त्याचा.

आज भाटजुव्याभोवती सव्वीस तराफे आहेत. गटाचं सगळं वैजू बघते, बोलणीही तीच करते. माझं काम एकच. दिवाळीनंतर कापडाचे गठ्ठे धक्क्यावर उतरतात तेव्हा मला खुर्ची टाकून देतात. मी प्रत्येक गठ्ठ्यात दोन बोटं घालून ओढते.

गेल्या वर्षी नवीन व्यापारी आला होता. माझी बोटं घसरली, कापड काही फाटेना. तो खूश होऊन म्हणाला, "एकदम मजबूत माल आहे, मावशी. वर्षभर बघायला नको."

"म्हणानच," मी म्हटलं, "गठ्ठो परत होडयेत घाल."